एकसारखी खोकी

गल्लीत नाताळबाबा व्हायची पाळी घरोघर फिरते, आणि ती ज्याच्याकडे येते तो माणूस त्या वर्षापुरता थोडा वेडा होतो, हे गल्लीने गृहीतच धरलेलं आहे. एका वर्षी बेकरीवाल्याने दाढी खरीखुरी वाढवायला घेतली. ती पिठात बुडायला लागली तशी गिऱ्हाईकं दुसरीकडे वळली. दुसऱ्या वर्षी दातवाल्या डॉक्टरांनी भेट द्यायच्या आधी प्रत्येक पोराला 'आ' करायला लावलं. लोकांनी हसून सोडून दिलं. पण यंदा पाळी अप्पांची आली, आणि अप्पांना वेडेपणासुद्धा पद्धतशीर लागतो.

अप्पा सरकारी कचेरीत भांडारपाल आहेत. टाचणीपासून कपाटापर्यंत जे जे कचेरीला लागतं ते त्यांच्या कुलपात असतं. साहेबांना खुर्ची सरकार देतं, पण बसायला अप्पा देतात, असं तिथले लोक म्हणतात. इतक्या वर्षांत भांडारातून एकही वस्तू चुकीच्या हातात गेली नाही, हा अप्पांचा अभिमान. 'चूक' हा शब्दच त्यांना वर्ज्य. फारच झालं तर ते 'फरक पडला' म्हणतात. माई म्हणजे त्यांची बायको सांगते की लग्न झाल्यापासून या माणसाच्या तोंडून 'चुकलं' एवढं कधी ऐकलं नाही. एकदा माईच्या पायावर यांनी गरम चहा सांडला, तेव्हाही पाय ठरलेल्या जागी नव्हता, असंच निघालं.

गल्लीची प्रथा तशी सोपी. नाताळच्या आदल्या दिवशी आईबापांनी पोरांसाठी घेतलेल्या भेटी गुपचूप पाळीच्या घरी आणून द्यायच्या. संध्याकाळी त्या घरातला माणूस लाल झगा आणि पांढरी दाढी चढवून बेकरीवाल्याच्या पावाच्या गाडीतून येतो, नाव पुकारून एकेकाला भेट देतो. मग सगळी गल्ली चालत पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर जाते, तिथून गावाची रोषणाई बघते, नाताळची गाणी म्हणते, केक खाते आणि घरी येते. भेट घ्यायला वयाची अट नाही. वकीलबाईंच्या सासूबाईसुद्धा दर वर्षी पोरांच्या रांगेत खुर्ची टाकून बसतात. नियम एकच, की भेटी कोण आणतं हे मोठ्यांच्या तोंडून फुटता कामा नये. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या नवराबायकोंनीही हा नियम आजवर पाळलेला आहे.

यंदा अप्पांच्या अंगात जास्त आलं त्याला कारण होतं. लेक कित्येक वर्षांनी नाताळला घरी येणार होती, आणि तिच्याबरोबर बिट्टी. बिट्टी म्हणजे नात. ती आजोबांना फोनच्या पडद्यावरूनच ओळखायची, आणि अप्पा फोन धरायचे अशा बेताने की तिला त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसे. आजीला ती 'तू' म्हणे आणि आजोबांना 'तुम्ही', हे अप्पांना कुठेतरी टोचायचं, पण बोलून दाखवायची सोय नव्हती. एकदा फोनवर त्यांनी तिला टेकडीवरच्या फेरीचं वर्णन करून सांगितलं. तिथून आपलं घर दिसेल का, असं तिने विचारलं. दुर्बीण असली तर दिसेल, असं अप्पा म्हणून गेले. मग मी नाताळबाबाकडे दुर्बीणच मागते, असं म्हणून तिने फोन आईकडे दिला. त्याच दिवशी अप्पांनी दुकानात जाऊन चांगली दुर्बीण आणली. पोरीने टेकडीवर उभं राहून आपलं घर बघावं, आणि आजोबांचं गाव तिच्या मनात बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. आता एवढ्यासाठी माणसाने दुर्बीण द्यावी आणि गप्प बसावं. पण अप्पा गप्प बसते तर ही गोष्ट कशाला सांगावी लागली असती?

त्यांना आधीची सगळी वर्षं आठवली. कोणाचं खोकं मोठं, कोणाचं चिमूटभर, कोणाचा कागद चकचकीत. पोरं खोक्यावरून एकमेकांना जोखतात, हे त्यांना पटेना. इथपर्यंत त्यांचं म्हणणं चांगलंच होतं, आणि घात नेहमी चांगल्या म्हणण्यातूनच सुरू होतो. त्यांनी ठरवलं, सगळ्या भेटी एकसारख्या खोक्यांत, एकसारख्या खाकी कागदात, वर फक्त क्रमांक. क्रमांकाची यादी त्यांच्या खिशात.

कचेरीत कागदाची रिकामी खोकी पडून होती. ती घेण्यासाठी अप्पांनी रीतसर अर्ज केला. अर्ज त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी त्यावर 'मागणी अवाजवी वाटते' असा शेरा मारला, दोन दिवस तो तसाच ठेवला, आणि मग स्वतःच्या शिफारशीवरून मंजूर केला. शिपाई सांगतो की मंजुरी मिळाल्यावर अप्पा स्वतःवर थोडे नाराजच दिसले, वशिला लागला म्हणून.

मग ते घरोघर जाऊन दबक्या आवाजात नियम सांगू लागले. बेकरीवाला म्हणाला, माझ्या धाकट्याचा चेंडू खोक्यात मावत नाही. अप्पांनी हवा काढायला सांगितली. पाळकसाहेब हळूच म्हणाले की पहिल्या नाताळला ज्ञानी लोक सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले, त्यांची खोकी एकसारखी होती असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. अप्पा म्हणाले, तेव्हा घेणारा एकच होता, इथे रांग आहे. वकीलबाईंनी सासूबाईंसाठी घेतलेली गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि एवढंच म्हणाल्या, की क्रमांक शाईने घाला. अप्पांना हे हास्यास्पद वाटलं. भांडारात क्रमांक खडूनेच घालतात, म्हणजे खोकं पुन्हा वापरता येतं. शिवाय ज्या माणसाने उभी हयात क्रमांक घातले त्याला वकिलीणबाईने शाई शिकवावी, हे काही बरं दिसत नाही.

टेकडीवर जायची परवानगी हे आणखी एक प्रकरण. आजवर लोक नुसतेच जात होते. अप्पांनी टाकीखालच्या पाटीवर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' असं वाचलं आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पाणी खात्यातल्या कारकुनाने त्यांना अगदी त्यांच्याच पद्धतीने वागवलं, म्हणजे वर न बघता. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला लागेल म्हणाला. अग्निशमन दलात विचारलं, मेणबत्त्या पेटवणार का? अप्पा म्हणाले, नाही. मग आम्ही हरकत तरी कशाला घ्यायची, ते म्हणाले, आधी काहीतरी पेटवा, मग या. शेवटी मेणबत्त्या पेटवण्याची परवानगी मागून, ती नाकारल्याचा कागद जोडून, फेरीची परवानगी मिळाली. माई म्हणाली, इतके दिवस टेकडी आपली होती, आता सरकारची झाली.

नाताळच्या आदल्या दिवशी लेक आणि बिट्टी दुपारीच आल्या. बिट्टी आल्या आल्या आजीच्या कमरेला लटकली आणि आजोबांकडे लांबून बघत राहिली. पण अप्पांच्या डाव्या बुटाकडे तिचं लक्ष गेलं. त्याची नाडी केव्हाच तुटली होती आणि काटकसर म्हणून अप्पांनी तिथे फायलींची लाल फीत ओवली होती. बिट्टी नुकतीच बुटाची गाठ मारायला शिकली होती आणि जगातल्या सगळ्या सुट्या नाड्यांवर तिचा डोळा होता. विचारल्यासारखं करून ती खाली बसली आणि त्या लाल फितीची एक भलीमोठी गाठ मारली, वर आणखी एक, आणि दोन्ही कान कोबीच्या पानांएवढे. ही सुटायची नाही, असं तिने सांगितलं. अप्पांनी मान डोलावली. आणि मोजलेली खोकी पुन्हा मोजायला ते आत गेले.

संध्याकाळी गाडी सजली. अप्पांनी झगा चढवला, दाढी लावली आणि ओळखू येऊ नये म्हणून चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात दातवाले डॉक्टर धावत आले. बर्फाशिवाय नाताळबाबा म्हणजे खुर्चीशिवाय दातांचा दवाखाना, असं त्यांचं मत. त्यांनी फेसाचे डबे आणले होते. अप्पा हां-हां करेपर्यंत त्यांनी गाडीवर, गाडीच्या आत, खोक्यांवर, अप्पांवर आणि बेकरीवाल्याच्या कानात बर्फ पाडला. दिसायला छानच दिसलं. पण बर्फ होता साबणाचा, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं.

अप्पांनी पहिलं खोकं उचललं. वर क्रमांक नव्हता. दुसरं उचललं, त्यावरही नव्हता. खाकी कागदावर नुसते पांढुरके ओघळ. यादी खिशात होती, तंतोतंत होती, पण कोणतं खोकं कोणाचं हे तिला तरी कसं कळणार?

बेकरीवाल्याने मागे वळून बघितलं आणि तो सगळं समजला. "अप्पा, दोन मिनिटं थांबवतो गाडी. खोकी उघडून बघू. लोक काही खाणार नाहीत आपल्याला."

बाहेर पोरं ओरडत होती. पुढच्याच रांगेत बिट्टी उभी होती, टाचा उंचावून. अप्पांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र आलं. आजोबा गाडीत वाकून खोकी फाडतायत आणि सगळी गल्ली हसतेय. ते दाढीतून म्हणाले, "चालू भांडार बंद करत नाहीत." आणि त्यांनी अदमासाने वाटप सुरू केलं.

अदमास म्हणजे काय, हातात येईल ते खोकं आणि तोंडात येईल ते नाव. पाळकसाहेबांच्या अबोल मुलाला ढोल मिळाला. बेकरीवाल्याच्या मुलीने फुटबॉलच्या पंचाची शिट्टी मागितली होती, तिला दातांच्या कवळीचं, एकेक दात जोडायचं प्लास्टिकचं कोडं मिळालं, जे डॉक्टरांनी मोठ्या हौसेने स्वतःच्या मुलासाठी घेतलं होतं. शिट्टी गेली वकीलबाईंच्या सासूबाईंकडे. त्यांनी ती लगेच वाजवून बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. डॉक्टरांच्या मुलाने खोकं उघडलं आणि आत दुर्बीण. तो नाचायलाच लागला.

आईबापांचं काय झालं ते सांगता येत नाही, बघायलाच हवं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बोलावं तर गुपित फुटतं, न बोलावं तर आपण निवडून आणलेली वस्तू डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पोराच्या काखेत. सगळे दात दाखवून उभे होते, आणि सगळ्यांचे डोळे अप्पांच्या दाढीवर.

शेवटी बिट्टीचं नाव आलं. तिने खोकं उघडलं. आत वकीलबाईंनी घेतलेली गरम पाण्याची पिशवी होती, लाल रबराची. बिट्टीने ती उलटसुलट करून बघितली. इकडे बेकरीवाल्याच्या मुलीचे ओठ थरथरायला लागले होते आणि आणखी दोघा-तिघांनी भोकाड पसरायची तयारी केली होती. बिट्टीने नाताळबाबाकडे बघितलं, मग खाली बघितलं, जरा वेळ खालीच बघत राहिली. मग तिने पिशवी छातीशी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला हीच पाहिजे होती. माझे पाय रात्री गार पडतात."

ते ऐकून बाकीची पोरं आपापल्या खोक्यात पुन्हा बघायला लागली, यातही काही असेल अशा आशेने. रडू टळलं. गाडी निघाली. दाढीच्या आत अप्पांचे कान तापले होते. सात वर्षांच्या पोरीने नाताळबाबाची लाज राखली, आणि आपण आपली राखण्यासाठी तिची दुर्बीण घालवली, हे त्यांना स्वच्छ कळलं. आपण लहान झालो असं त्यांना वाटलं, आणि तसे ते झालेच होते.

घरी येऊन त्यांनी झगा उतरवला, ओलीचिंब दाढी गच्चीवरच्या दोरीवर, ताऱ्याच्या दिव्याखाली वाळत टाकली आणि नेहमीच्या कपड्यांत फेरीला निघाले. वाटेत कोणी त्यांच्याशी बोललं नाही. वकीलबाई शेजारून जाताना फक्त "शाई" एवढंच म्हणाल्या. पुढे सासूबाई शिट्टी वाजवत सगळ्यांना रांगेत चालवत होत्या. पाळकसाहेबांचा अबोल मुलगा ढोल बडवत होता आणि पाळकसाहेब क्षमाशीलतेचा प्रयत्न करत होते. बिट्टी आजीचं बोट धरून, पिशवी काखेत मारून चालली होती. अप्पा मागे मागे, परवानगीचा कागद हातात धरून. तो कोणी विचारलासुद्धा नाही.

टेकडीवरून गाव खरंच सुंदर दिसत होतं. चर्चचा मनोरा, बाजारातल्या दिव्यांच्या माळा, घराघरांवर टांगलेले तारे. बिट्टी कठड्याशी गेली आणि डोळे बारीक करून बघू लागली. "आजोबा, आपलं घर कुठलं?" अप्पांनी बोट दाखवलं. त्या बोटाच्या टोकाला निदान शंभर घरं होती. तिला काही दिसलं नाही, पण तिने "हो, हो" म्हटलं. ते "हो, हो" अप्पांना फार लागलं.

लेक म्हणाली, "बिट्टी, त्या दादाकडे माग ना दुर्बीण. देईल तो."

"नको," बिट्टी म्हणाली. "मग नाताळबाबाचं चुकलं असं होईल."

अप्पांनी परवानगीच्या कागदाची घडी करून ती खिशात घातली. तेवढ्यात डॉक्टरांचा मुलगा दुर्बीण डोळ्यांना लावून ओरडला, "अप्पांचं घर दिसलं मला. गच्चीवर नाताळबाबाची दाढी वाळत घातलीय."

 ढोलसुद्धा थांबला. पोरं अप्पांकडे बघायला लागली, आणि मोठी माणसं जमिनीकडे. इतक्या वर्षांचं गुपित आता या माणसाच्या जिभेवर होतं, आणि या माणसाने संध्याकाळपासून काय काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

अप्पांनी घसा साफ केला. "दाढी माझ्याकडेच जमा असते," ते म्हणाले. "मी त्याचा भांडारपाल आहे. कचेरीचं काम दिवसा, हे वरकड."

पोरांना हे पटलं. अप्पांना कुलपं आणि खोकी सोडून दुसरं काही शोभलंच नसतं. मोठ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अप्पा इथेच थांबले असते तर निभावलं होतं. पण डॉक्टरांचा मुलगा बापासारखाच, दात दुखतोय म्हटलं की मुळापर्यंत जाणारा.

"मग खोकी कोणी भरली?"

"मी," अप्पा म्हणाले.

"मग बेकरीवाल्या काकांच्या मुलीला दात का मिळाले? कोणाचं चुकलं, त्याचं का तुमचं?"

नाताळबाबा तिथे नव्हता. त्याच्यावर ढकलायला कोणाची आडकाठी नव्हती. अप्पांनी बिट्टीकडे बघितलं. ती पिशवी पोटाशी धरून उभी होती आणि त्यांच्याकडे न बघता गावाकडे बघत होती, म्हणजे त्यांची पंचाईत होऊ नये.

"माझं," अप्पा म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "माझं चुकलं. क्रमांक पुसले गेले, मला कळलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली, म्हणून नाही सांगितलं."

माई कठड्यावर मटकन बसली. सासूबाईंनी एक लांब शिट्टी मारली, जणू सामना संपला. मग एकच गलका झाला आणि टेकडीवर भर थंडीत अदलाबदल सुरू झाली. ढोल गेला, चेंडू आला, दात आपल्या मालकाकडे परतले आणि मालकाचं तोंड पडलं. गरम पाण्याची पिशवी वकीलबाईंकडे आली. शिट्टी मात्र सासूबाईंनी दिली नाही. नाताळबाबाचा भांडारपाल चुकला असेल, पण नाताळबाबा माझ्या बाबतीत बरोबर आहे, असं त्यांनी सुनेला बजावलं. बेकरीवाल्याच्या मुलीला दुसरी शिट्टी आणून द्यायचं अप्पांनी कबूल केलं.

बिट्टीला दुर्बीण मिळाली. तिने बराच वेळ ती फिरवली आणि शेवटी थांबली. "दिसलं," ती म्हणाली. "दाढी हलतेय."

इथे संपायला हवं होतं. पण नाताळच्या सकाळी चर्चमधून परत येऊन अप्पा दाराशी खुर्ची टाकून बसतात तोच बाहेर रांग लागली. नाताळबाबाचा माणूस गल्लीतच राहतो म्हटल्यावर पोरं मागच्या सगळ्या वर्षांच्या तक्रारी घेऊन आली होती. कोणाला मागे तीनचाकी मागितली असताना मोजे मिळाले होते, कोणाच्या आगगाडीला इंजिनच नव्हतं. एका मोठ्या पोराने जन्मल्या वर्षी काहीच मिळालं नसल्याची तक्रार आणली होती. अप्पांना आधी राग आला, मग हसू आवरेना, मग ते एकेकाला समोर घेऊन ऐकत गेले आणि "चुकलं बाबा" म्हणत गेले. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. पुढे पुढे सवय झाली. आतून माई ऐकत होती आणि कामाशिवाय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहत होती.

रांगेच्या शेवटी बिट्टी उभी होती. गळ्यात दुर्बीण, हात मागे बांधलेले.

"तुझी काय तक्रार?" अप्पांनी विचारलं.

"तक्रार नाही," बिट्टी म्हणाली, आणि जवळ येऊन अगदी कानाशी लागली. "नाताळबाबाला सांग, काल तो तुझे बूट घालून आला होता. गाठ माझी होती."

आणि ती आजीकडे पळाली. अप्पांना कालची संध्याकाळ आठवली. तिने खोकं उघडलं, वर बघितलं, मग खाली बघितलं, बराच वेळ. आणि मगच म्हणाली होती की पाय गार पडतात. माई दारात उभी होती, लेक खिडकीत. अप्पांना वर बघवेना. खाली बघावं तर तीच गाठ.